खोटा गुलाब, खरा दमा

आमच्या आक्काला दमा आहे हे आमच्या घरात कळायला बारा वर्षे लागली. आक्काला ते सातव्या वर्षीच कळले होते. उशीर लागला तो आम्हा इतरांना.

व्हायचे असे, की घरात काही कार्य निघाले, पाहुणे यायचे ठरले किंवा वडिलांचा आवाज चढला, की आक्काची छाती भरून यायची. ती माजघरातल्या खांबाला धरून उभी राही, खांदे वर उचलले जात आणि गळ्यातून मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज येई. वेळ नेमकी कामाची. "आलं हिचं सोंग!" आजी म्हणे. वडील त्यावर शिक्कामोर्तब करीत, "हा छातीचा रोग नव्हे, मनाचा आहे." मी तिच्याहून चार वर्षांनी लहान. तिच्या धापेची हुबेहूब नक्कल करून मी पाहुण्यांना हसवीत असे. पाहुणे हसत, आक्काही हसे, आणि हसता हसता तिला पुन्हा धाप लागे. मग तर आमची खात्रीच पटे. ज्याला हसू येते त्याला दमा कसला!

एकदा तिला पाहायला मंडळी आली. ओटीवरचे पोहे संपले, सुपारीचे तबक फिरले, तरी मुलगी बाहेर येईना. आक्का आत खांबाला धरून उभी होती. त्या घरून पुढे निरोप आला नाही. यथावकाश तिचे लग्न झाले, चांगले झाले. पण त्या संध्याकाळी आजी जे बोलली ते ती अजून विसरलेली नाही. मीही विसरलेलो नाही, कारण आजीच्या त्या बोलण्यावर मी हसलो होतो.

गेल्या भाऊबीजेला आक्का ओवाळायला उभी राहिली आणि त्याच वेळी अंगणात पोरांनी लवंगी माळ लावली. धूर खिडकीतून आत आला. तिने तबक खाली ठेवले, पिशवीतून पंप काढून दोनदा ओढला, जरा दम खाल्ला आणि मला म्हणाली, "आमचे डॉक्टर सांगतात, काळजी करीत जाऊ नका, ताण आला की हे वाढतं. म्हणजे शेवटी आजीचंच खरं ठरलं म्हणायचं!"

ती हसून बोलली, पण मला ते हसणे झेपले नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. मुलांना भाषा शिकवतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. शास्त्राशी माझा संबंध परीक्षेपुरता आला आणि परीक्षेबरोबर संपला. तरीही दमा छातीचा की मनाचा, हा आमच्या माजघरातला जुना खटला एकदा निकालात काढायचा असे मी ठरविले. गावातल्या एका डॉक्टरमित्राने पुस्तके दिली, मी शब्दकोश घेऊन बसलो, आणि वर्षभर जे वाचले ते एखाद्या कादंबरीहून सरस निघाले. तेच ह्या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो आहे.

आमची आजी एकटी नव्हती, हे पहिल्यांदा सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे डॉक्टर तिच्याच बाजूचे होते. लंडनच्या डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर ह्यांनी १८६० साली दम्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतः लहानपणापासून दमेकरी असल्यामुळे त्यांनी ह्या रोगाचा अनुभव पुस्तकातून घेतलेला नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की श्वासनलिकांभोवती स्नायूंची कडी असतात, मज्जातंतूंनी इशारा दिला की ती आवळतात, आणि म्हणून दमा हा मुळात मज्जातंतूंचा विकार. उपाय म्हणून ते उपाशीपोटी कडक कोरी कॉफी घ्यायला सांगत. आक्काला तो उपाय मी आता सांगितला तेव्हा ती म्हणाली, आजीने तेव्हा कॉफी दिली असती तर मी सोंग म्हणूनही घेतली असती!

पुढचा साक्षीदार अमेरिकेतला. बाल्टिमोर शहरात जॉन मॅकेन्झी नावाचे नाकघशाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक बाई येत असे. तिला गुलाबाचे वावडे होते. गुलाब जवळ आला की शिंका, डोळ्यांना पाणी आणि मग दम्याची धाप. डॉक्टरांनी एक नकली गुलाब मिळविला, इतका हुबेहूब की पाहणाराने फसावे. त्यावर परागाचा किंवा धुळीचा कण राहू नये म्हणून त्याची पाकळी न् पाकळी पुसून घेतली, आणि बाईंशी बोलता बोलता तो समोर धरला. मिनिटभरात बाईंचे नाक चुरचुरू लागले, डोळे लाल झाले, शिंका सुरू झाल्या, छाती आवळली. डॉक्टरांनी हा प्रकार १८८६ साली छापून प्रसिद्ध केला.

ही गोष्ट वाचल्यावर कोणीही म्हणेल, हे पाहा, सिद्धच झाले, सगळे मनाचे खेळ! मीही तेच म्हटले असते. परंतु गुलाब खोटा असला तरी बाईंचे नाक खरोखरच वाहत होते. नाकातून वाहणारे पाणी कोणी सोंग म्हणून आणू शकत नाही. खोट्या गुलाबापासून खऱ्या पाण्यापर्यंत जाणारी काहीतरी वाट शरीरात असली पाहिजे. ती वाट कोणती, हे सांगायला त्या काळी कोणापाशी काही नव्हते.

विसावे शतक उजाडले आणि वारे एकदम फिरले. पॅरिसचे शार्ल रिशे आणि त्यांचे सहकारी पोर्तिए हे समुद्रफुलांचे विष कुत्र्यांना टोचून पाहत होते. पहिल्या वेळी विष पचविलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडे विष पुन्हा टोचले, तर सवय होण्याऐवजी तो काही मिनिटांत मेला. हे १९०२ साली घडले. जे शरीराचे रक्षण करायचे तेच उलटते, ही गोष्ट तेव्हा प्रथम ध्यानात आली, आणि रिशेंना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात, १९०६ साली, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. आपल्याकडे त्याला वावडे हा शब्द किती नेमका आहे! अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला धुळीचे.

मग १९२१ साली कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर ह्या दोघा डॉक्टरांनी जो प्रयोग केला तो ऐकून हसूही येते आणि कौतुकही वाटते. क्यूस्टनरना माशांचे वावडे होते, प्राउस्निट्झना नव्हते. क्यूस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा भाग काढून प्राउस्निट्झनी तो स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तो तेथे लालभडक गांध उठली. म्हणजे वावडे एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत नेता येते! त्या रक्तातला गुन्हेगार हाती लागायला मात्र १९६६ साल उजाडावे लागले. डेन्व्हर येथे काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका ह्या जपानी पतिपत्नींनी तो शोधला. आज सगळे डॉक्टर त्याला आयजीई म्हणतात.

ह्या गुन्हेगाराचा साथीदार फार आधी सापडून ठेवलेला होता. पाउल एर्लिख हे जर्मनीत वैद्यकाचे विद्यार्थी असताना त्यांना कातडीबिडीचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा नाद होता. १८७८ च्या प्रबंधात त्यांनी दाण्यांनी ठासून भरलेल्या काही पेशींचे वर्णन केले आणि खाऊन फुगलेल्या दिसतात म्हणून त्यांना 'मास्ट' म्हणजे लठ्ठ पोसलेल्या पेशी असे नाव दिले. त्या दाण्यांत हिस्टामीन नावाचे द्रव्य भरलेले असते, हे राइली आणि वेस्ट ह्यांनी १९५३ साली दाखविले. गांध उठविणारे, नाक वाहविणारे, श्वासनलिका आवळणारे ते हेच हिस्टामीन. आयजीई मास्ट पेशीवर चिकटून बसते, पराग किंवा धूळ येऊन त्याला भिडली की पेशी फुटल्यासारखी होऊन दाणे बाहेर फेकते. हिशेब कसा चोख जमला! मज्जातंतू आणि मन ह्यांचे नावही घ्यायचे कारण उरले नाही. दमा रक्ताच्या खात्यात वर्ग झाला, आणि सॉल्टरसाहेबांचा ग्रंथ कपाटाच्या वरच्या खणात गेला.

आक्काच्या दृष्टीने हा केवढा दिलासा! तिला सोंगाडी म्हणायची आता सोय राहिली नव्हती. पण पाहुणे यायच्या दिवशीच धाप का लागावी आणि हसताना का लागावी, ह्याचे उत्तर ह्या चोख हिशेबात नव्हते. ते उत्तर भलत्याच ठिकाणी, कोंबडीच्या अंड्यांत, वाढत होते.

इटलीतल्या तुरीन शहरी २२ एप्रिल १९०९ रोजी एका ज्यू घराण्यात जुळ्या मुली जन्मल्या. एक पाओला, ती पुढे चित्रकार झाली. दुसरी रीता, रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी. वडील इंजिनिअर, मनाने प्रेमळ. पण मुलींनी फार शिकले तर संसाराला विघ्न येते असे त्यांचे मत होते. घरात मुलांना सांभाळणारी जोव्हान्ना नावाची दाई पोटाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा रीताने डॉक्टर व्हायचे ठरविले. वडिलांची मनधरणी केली, राहून गेलेला अभ्यास काही महिन्यांत भरून काढला आणि १९३६ साली ती पहिल्या प्रतीत डॉक्टर झाली. तिचे गुरू ज्युसेप्पे लेव्ही ह्यांच्या हाताखाली तिच्याबरोबर शिकणारे साल्वादोर लुरिया आणि रेनातो दुल्बेक्को हे दोघेही पुढे नोबेलचे मानकरी झाले. एका मास्तरांचे तीन विद्यार्थी नोबेल मिळवितात, हे वाचून माझ्यासारख्या मास्तराला आपल्या वर्गाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावेसे वाटते.

१९३८ साली मुसोलिनीने वंशशुद्धीचे कायदे केले. ज्यूंना विद्यापीठाची दारे बंद झाली. रीताबाई ब्रसेल्सला गेल्या, पण जर्मन सेना बेल्जियमवर चालून येण्याच्या थोडे आधी, १९४० मध्ये, घरी परतल्या. आता करायचे काय? दवाखाना काढायला बंदी, प्रयोगशाळेत पाऊल टाकायला बंदी. दिवस कसे काढावे ह्या विवंचनेत असताना त्यांनी व्हिक्टर हाम्बुर्गर ह्यांचा १९३४ चा एक लेख वाचला. अंड्यातल्या पिलाचा पायाचा किंवा पंखाचा कोंब छाटला, तर त्या अवयवाकडे जाणाऱ्या मज्जापेशीही कमी होतात, असे त्यात दाखविले होते. का होतात? बाईंना प्रश्न लागला. आणि ह्या प्रश्नाला लागणारे सामान अंड्यांपलीकडे फारसे नव्हते.

त्यांनी आपल्या निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून घासून त्यांच्या शस्त्रक्रियेच्या सुऱ्या केल्या, घड्याळजीचे चिमटे घेतले, डोळ्यांच्या डॉक्टरची लहान कात्री मिळविली. गुरू ज्युसेप्पे लेव्हींचीही नोकरी गेलेली. तेच आता शिष्येचे साहाय्यक म्हणून येऊन बसले. १९४१ मध्ये तुरीनवर बाँब पडू लागले तेव्हा हे सगळे बिऱ्हाड खेड्यातल्या एका घरी हलले. बाई सायकलवरून शेतकऱ्यांकडे जाऊन अंडी मागत. अंडी फळलेलीच पाहिजेत हे सांगायचे कसे? मग त्या म्हणत, मुलांना अशी अंडी पौष्टिक असतात! आतले पीळभर पिलू काढून प्रयोगाला घेतले की उरलेल्या अंड्याचे आम्लेट होई. युद्धाच्या दिवसांत काही वाया घालविण्याची सोय नव्हती.

त्या सुयांनी त्यांनी जे पाहिले ते हाम्बुर्गरांच्या समजुतीहून निराळे होते. मज्जापेशी जन्मतच नाहीत असे नव्हते. त्या जन्मतात, वाटेला लागतात आणि मग, जिकडे जायचे तिकडून मिळायचे ते काहीतरी न मिळाल्यामुळे, मरून जातात. ते 'काहीतरी' काय असावे? इटलीतली नियतकालिके ज्यूंचे लेख छापीत नव्हती, म्हणून हे निष्कर्ष बाहेरदेशी छापले गेले. १९४३ च्या शरदात जर्मनांनी इटली व्यापली आणि बाई कुटुंबासह फ्लॉरेन्समध्ये नाव लपवून राहिल्या. १९४४ च्या ऑगस्टमध्ये शहर मुक्त झाल्यावर निर्वासितांच्या छावणीत त्यांनी डॉक्टरकी केली. तेथे साथीने माणसे मरताना पाहिली.

युद्धानंतर त्यांचे लेख वाचून प्रत्यक्ष हाम्बुर्गरांनीच १९४७ साली त्यांना अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलाविले. हाम्बुर्गर स्वतः जर्मनीतले. तेही ज्यू वंशाचे म्हणून १९३३ नंतर मायदेशी परतू शकले नव्हते. आपल्याशी मतभेद असलेल्या माणसाला त्यांनी सन्मानाने बोलावून घेतले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. काही महिन्यांसाठी गेलेल्या रीताबाई तेथे तीस वर्षे राहिल्या.

तेथे त्यांना कळले, की उंदराच्या एका अर्बुदाचा तुकडा अंड्यातल्या पिलावर लावला तर मज्जातंतू वेड्यासारखे वाढून त्या तुकड्यात शिरतात. ते 'काहीतरी' ह्या तुकड्यात आहे, अशी त्यांची खात्री झाली. ते काचेच्या भांड्यात दाखवून देण्यासाठी १९५२ मध्ये त्या रिओ दे जानेरो येथे आपल्या मैत्रिणीच्या, हेर्टा मायर ह्यांच्या, प्रयोगशाळेत गेल्या. जाताना दोन अर्बुदवाले उंदीर त्यांनी आपल्या पर्समध्ये लपवून विमानातून नेले! काचेवर मज्जापेशींची एक गाठ ठेवली आणि जवळ अर्बुदाचा तुकडा. चोवीस तासांत त्या गाठीभोवती तंतूंचे असे दाट वलय उमटले, की चंद्राला खळे पडावे. अंड्यांपासून सुरू झालेल्या शोधाला आता डोळ्यांनी पाहता येईल अशी खूण मिळाली.

ते द्रव्य वेगळे काढण्याचे काम सेंट लुइसला स्टॅन्ली कोहेन ह्या रसायनशास्त्रज्ञाने केले. एका परीक्षेसाठी त्यांनी अर्बुदाच्या अर्कात थोडे सापाचे विष मिसळले, आणि नवल असे, की नुसत्या विषानेच खळे अधिक दाट पडले. सापाची विषाची पिशवी म्हणजे एक प्रकारची लाळेची गाठच. मग उंदराच्या लाळग्रंथीत पाहावे, असे त्यांनी ताडले. तेथे तर त्या द्रव्याचा साठाच निघाला. त्या द्रव्याचे नाव पडले नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. आपण त्याला मज्जावर्धक म्हणू. मज्जातंतूंच्या काही जाती त्याच्या आधाराने जगतात आणि वाढतात. १९८६ चे नोबेल पारितोषिक रीताबाई आणि कोहेन ह्यांना मिळून दिले गेले. हाम्बुर्गरांना त्यात वाटा मिळाला नाही, ह्याची चुटपूट पुष्कळांना लागली.

वाचक म्हणतील, मास्तर, आक्काचा दमा कोठे राहिला? तिथेच येतो आहे.

१९७७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, रीताबाई आणि त्यांचे सहकारी लुइजी आलोए ह्यांनी एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. उंदराच्या जातीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांना त्यांनी मज्जावर्धक टोचले होते. मज्जातंतू वाढले ह्यात नवल नव्हते. पण अंगात ठिकठिकाणी एका निराळ्याच पेशींची संख्या वाढलेली दिसली, आणि त्या पेशी होत्या एर्लिखांच्या मास्ट पेशी! मज्जातंतूंच्या खात्यातले द्रव्य वावड्याच्या खात्यात जाऊन काम करीत होते. दोन खात्यांमधली भिंत आपणच बांधलेली होती. शरीराला तिचा पत्ता नव्हता.

मग एकामागून एक गोष्टी उजेडात आल्या. मज्जावर्धक मास्ट पेशींना वाढविते, एवढेच नव्हे तर त्यांना दाणे बाहेर टाकायला लावते. १९९४ मध्ये दिसून आले, की मास्ट पेशी स्वतःच मज्जावर्धक तयार करतात, साठवितात आणि सोडतात. १९९६ साली इटलीतल्या बोनिनी, आलोए आणि खुद्द रीताबाई ह्यांनी दमा, नाकडोळ्यांचे वावडे किंवा अंगावर पित्त उठणे ह्यांनी पीडलेल्या ४९ माणसांचे रक्त तपासले. वावड्याच्या रोग्यांत मज्जावर्धक निरोगी माणसांपेक्षा पुष्कळ अधिक होते आणि सर्वांत अधिक दमेकऱ्यांत होते. तेव्हा बाई सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या.

हे चक्र मी माझ्या मुलांना समजावून सांगतो ते असे. मास्ट पेशी हा पहारेकरी आणि मज्जातंतू ही त्याच्या घंटेची दोरी. धुळीचा कण आला, पहारेकऱ्याने हिस्टामीन फेकले, दोरी हलली. पण पहारेकऱ्याने त्याबरोबर मज्जावर्धकही फेकले. त्याने दोरी हळवी झाली, आता ती वाऱ्यानेही हलते. शिवाय तिला नवे फाटे फुटले. इकडे मज्जातंतूही गप्प बसत नाही. डिवचला गेला की तो आपल्या टोकातून 'सब्स्टन्स पी' नावाचे द्रव्य सोडतो, आणि ते पहारेकऱ्याला पुन्हा चिथावते. दोघे एकमेकांना उठवीत राहतात. मूळचा धुळीचा कण केव्हाच निघून गेलेला असतो, तरी घंटा वाजतच असते.

ह्यामुळेच दमेकऱ्याच्या श्वासनलिका नुसत्या थंड हवेने, धुराने, धावण्याने, आणि हसण्यानेही आवळतात. हसताना माणूस भराभर श्वास ओढतो. ज्याच्या दोऱ्या हळव्या झालेल्या असतात त्याला तेवढे पुरते. हे वाक्य मी पुस्तकात वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. पाहुण्यांपुढे नक्कल करणारा तो मुलगा मला दिसत होता. इसबाचेही असेच आहे. तेथे कातडीत मज्जावर्धक वाढते, तंतू वरच्या थरापर्यंत येतात आणि खाज सुटते. परीक्षेला बसल्यावर ज्याला अधिक खाजते अशा मुलाला मी पूर्वी "हात बांधून बैस" म्हणत असे. आता म्हणत नाही.

राहिला ताणाचा प्रश्न. आलोए आणि त्यांच्या मंडळींनी १९८६ मध्ये दाखविले, की नर उंदीर एकमेकांशी भांडले की त्यांच्या लाळग्रंथीतून मज्जावर्धक रक्तात उतरते. मग १९९४ मध्ये त्यांनी पहिल्यांदाच हवाई छत्रीतून उडी घेणाऱ्या तरुण इटालियन सैनिकांचे रक्त तपासले. उडी दुसऱ्या दिवशी, तरी आदल्या संध्याकाळीच त्यांच्या रक्तात मज्जावर्धक वाढलेले होते. जमिनीवर उतरल्यावर ते आणखी वाढलेले आढळले. उडीला अजून रात्र मध्ये होती, पण भीतीने आपले काम सुरू केले होते. धडधाकट जवानांची ही गत, तर ओटीवर परकी माणसे बसलेली असताना माजघरात उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची काय असेल?

येथे मला जपून लिहिले पाहिजे. भीतीने मज्जावर्धक वाढले म्हणून त्यानेच आक्काला त्या दिवशी धाप लागली, असे कोणी सिद्ध केलेले नाही. ताणाचे परिणाम शरीरात आणखीही वाटांनी होतात. उंदरांवरच्या एका जर्मन प्रयोगात, १९९८ साली, मज्जावर्धकाला अडविल्यावर श्वासनलिकांचे हळवेपण कमी झाले. पण त्यावर बेतलेले दम्याचे औषध माणसांसाठी अजून आलेले नाही. सांध्यांच्या दुखण्यावर मज्जावर्धकाला अडविणारे टॅनेझुमॅब नावाचे औषध निघाले. त्याने दुखणे थांबे, पण काहींचे सांधे झपाट्याने झिजू लागले, आणि २०२१ मध्ये तो नाद सोडून द्यावा लागला. वेदना हीसुद्धा पहारेकरीच असते. तिला घालवून चालत नाही. उलट ज्यांच्या बुबुळातले मज्जातंतू मेल्यामुळे जखमा भरत नाहीत अशा रोग्यांना मज्जावर्धकाचे थेंब उपयोगी पडले. ते औषध युरोपात २०१७ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. रीताबाई ते पाहायला नव्हत्या. २००१ मध्ये इटलीने त्यांना तहहयात सेनेटर केले होते. वयाची शंभरी गाठणाऱ्या त्या पहिल्याच नोबेलविजेत्या, आणि ३० डिसेंबर २०१२ रोजी, एकशेतिसाव्या वर्षी नव्हे, पण एकशेतिनाव्या वर्षी त्या गेल्या. ज्या देशाने त्यांना प्रयोगशाळेबाहेर काढले होते तो त्या दिवशी शोक करीत होता.

तर आमच्या माजघरातल्या खटल्याचा निकाल काय लागला? आजी म्हणत होती, ताण आला की हिला होते. ते निरीक्षण खोटे नव्हते. तिची चूक पुढच्या पायरीवर झाली. ताणाने होते, म्हणून ते सोंग आहे, असे तिने मानले. बाल्टिमोरच्या बाईंचा गुलाब खोटा होता, दमा खरा होता. भीतीपासून श्वासनलिकेपर्यंत जी वाट आहे ती तंतूंची आणि पेशींची आहे, काचेवर ठेवून तिचा काही भाग पाहता येतो, आणि तिच्यावर रोग्याचा हुकूम चालत नाही. सुया घासून निजायच्या खोलीत बसलेल्या एका बाईने त्या वाटेचे पहिले टोक धरले. तिलाही लोकांनी तिच्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दलच, जन्माबद्दल, शिक्षा दिली होती.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी आक्काच्या घरी जाऊन तिला वाचून दाखविला. ती तांदूळ निवडीत ऐकत होती. पोह्यांचा प्रसंग आला तेव्हा तिचा हात थांबला, पण ती काही बोलली नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "म्हणजे मी मुद्दाम करीत नव्हते, हे आता छापून येणार?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं. आजी नाही वाचायला, पण बरं झालं." मग सूप पाखडून बाजूला ठेवीत ती म्हणाली, "आणि येत्या भाऊबीजेला पोरांना सांग, माळ लावायची तर तिकडे लांब, विहिरीपाशी जाऊन लावा म्हणावं. तुझ्या त्या पहारेकऱ्याला कशाला उगाच उठवायचं?"